हँडस्क्रू क्लॅम्प, अकरा महिने वापरून: सगळं छान, पण उलट्या आट्यांचा नट कुठून आणायचा?

हा अभिप्राय मी गेल्या दिवाळीतच लिहायला घेतला होता. तेव्हा पुरा केला असता तर डोळे झाकून पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आळस केला ते बरं झालं. आता सांगण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं निम्मं एका सुपारीएवढ्या नटाबद्दल आहे.

विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच माल तीन वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, फोटोसुद्धा तोच. मूळची रचना अमेरिकन. शिकागोत १९०३ साली निघालेल्या कंपनीने जॉर्गेन्सन या नावाने हे क्लॅम्प घरोघरी नेले. आपल्याकडे येते ती नक्कल, आणि मी ती नक्कल आहे हे कळूनच घेतली. आठ इंची जबडे, तोंड साडेचार इंच उघडतं, जोडीचे ३,२०० रुपये. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: चिकटवलेलं लाकूड आवळून धरायचं हे साधन, लाकडाचे दोन जबडे आणि त्यांतून आरपार जाणारे आट्यांचे दोन दांडे, एक मधे, एक मागे, प्रत्येकाला एक लाकडी मूठ.

घेतले ते गणपतीच्या चौरंगासाठी. सदाशिव पेठेतला सासरचा वाडा पाडला तेव्हा एका तुळईचा तुकडा आमच्या वाट्याला आला होता. सागवान, वरून काळंठिक्कर, रंधा मारला की आत मधासारखं. ते लाकूड दहा वर्षं माळ्यावर होतं, कारण त्याला हात लावायची माझी छाती होत नव्हती. चौरंगाचे पाय खाली निमुळते केले आणि तिथेच अडकले. सासऱ्यांचे चार सी क्लॅम्प आहेत (इंग्रजी सीच्या आकाराचे, एका स्क्रूने आवळायचे), पण उतरत्या लाकडावर ते धरत नाहीत. आवळायला लागलं की पुढची चकती फिरते, फेविकॉल लावलेली पट्टी आपल्याबरोबर सरकवते, आणि वर सागवानावर गोल ठसा उमटवून ठेवते. मधे प्लायचे तुकडे घाला, तेही घसरतात. दोन हातांत चार गोष्टी धरून मी नवऱ्याला हाक मारायची आणि तो फोनवर असायचा.

हँडस्क्रूचे दोन दांडे वेगवेगळे फिरवता येतात. त्यामुळे पायाचा उतार असेल त्या कोनात जबडे बसतात. जबडा लाकडाचा, तो कामावर फिरत नाही, नुसता दाबतो. पहिला पाय चिकटवला तेव्हा मी पट्टी सरकायची वाट बघत उभी होते. सरकली नाही. चारही पाय एका दिवसात झाले, ठसा एकही नाही.

सुरुवातीला उघडझाप करायला मात्र फार वैताग आला. एक दांडा फिरव, मग दुसरा, तोवर जबडे तिरके. युक्ती अशी की दोन हातांत दोन मुठी धरायच्या आणि पतंगाची चक्री गुंडाळावी तसा अख्खा क्लॅम्प समोर फिरवायचा. जबडे समांतर राहून झरझर मिटतात. प्रत्येक दांड्यावर एका बाजूला सुलटे आटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायचे आटे असतात, म्हणून एका फेऱ्यात दोन्ही जबडे एकमेकांकडे येतात. हे वाचताना मला फार कौतुक वाटलं होतं. त्या उलट्या आट्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच.

एकदा हात बसल्यावर मी त्यांना भलत्याच कामांना जुंपलं. आमच्याकडे सुताराचं टेबल नाही, पार्किंगमधलं जुनं जेवणाचं टेबल आहे, त्याला वाइस, म्हणजे लाकूड धरायचा शिकंजा, कुठून असणार? एक हँडस्क्रू टेबलाच्या कडेवर आडवा ठेवायचा, त्याचा खालचा जबडा सी क्लॅम्पने टेबलाला आवळायचा, की झाला वाइस. पटाशीने कूस (सांध्याच्या खाचेत बसणारं टोक) काढायला पुरतो. देव्हाऱ्याच्या खणाच्या मुठी बोराएवढ्या होत्या. ड्रिलखाली त्या बोटांनी धरणं म्हणजे बोट पणाला लावणं. जबड्यांच्या आतल्या कडेला करवतीने एकेक इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली, मूठ त्यात अडकवली, आणि हात ड्रिलच्या टोकापासून सहा इंच लांब. नव्या कोऱ्या वस्तूवर करवत चालवताना जीव खालीवर झाला हे खरं, पण जबडा शेवटी लाकूडच आहे. दिवाळीत आकाशकंदिलाच्या कामट्यांचे सांधे सुकेपर्यंत धरले. जानेवारीत सासऱ्यांच्या शब्दकोशाचा पुठ्ठा सुटला होता, दोन फळ्यांमधे घालून कणा रात्रभर दाबून ठेवला. एवढं करून फेविकॉल जबड्याला चिकटत नाही, कारण मी महिन्यातून एकदा आतल्या बाजूला मेणबत्ती घासते. वाळलेला थेंब नखाने टपकन उडतो.

तर आता जून. पाऊस लागला आणि मागच्या खोलीचं दार फुगून चौकटीला घासायला लागलं. दरवर्षीचंच. मिस्त्री बोलावला तर येण्याचेच पाचशे. दार बिजागऱ्यांतून काढलं आणि लांब कडेवर उभं केलं. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना टोकाकडून एकेक हँडस्क्रू आडवा लावला. दाराला पाय फुटले. दोन्ही हात मोकळे, दार जागचं हलत नाही, रंध्याच्या ढलप्या लांबच लांब निघतायत. बढाई मारायचा मोह झाला म्हणून फोटोसुद्धा काढला. मग एका बाजूने दार जरा डुगडुगलं. मी मागचा दांडा आणखी आवळला, आणि तो एकदम हलका झाला. गोल गोल फिरतोय, पण धरत काही नाही. आटे गेलेला स्क्रू ज्यांनी कधी फिरवलाय त्यांना तो हलकेपणा ठाऊक आहे. पोटात गोळा येतो.

दांडा ठीक होता. जबड्याच्या भोकात एक आडवा गोल नट बसवलेला असतो, दांडा त्यातून जातो. चार नटांपैकी एकाचे आटे भुगा होऊन खाली पडले होते. ओतीव, करडा, भुसभुशीत धातू. सोळाशे रुपयांचा क्लॅम्प आणि त्याच्या पोटात हे.

कस्टमर केअरला फोन केला. आधी यंत्राशी बोलले, मग एका मुलीशी. ती गोड होती, पण तिच्यासमोरच्या कागदावर माझा प्रश्न नव्हता. "मॅडम, सात दिवसांत तक्रार करायची असते." म्हटलं, सात दिवसांत आटे गेले नाहीत, अकराव्या महिन्यात गेले. वस्तू बदलून नको, फक्त एक नट विकत द्या. सुटे भाग नाहीत म्हणाली. "विशेष बाब म्हणून पूर्ण जोडी मूळ खोक्यात घालून पाठवा, तपासून सांगतो." मूळ खोकं! ते मी नीट जपून ठेवलं होतं. आमच्या घरातल्या एका गृहस्थांनी ते मार्चमधे रद्दीत घातलं, बहुतेक तीन रुपयांना. शेवटी तिने पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट दिली आणि वर म्हणाली, "नट काय मॅडम, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल."

मी हिशेब विभागात नोकरी करते. असं मोघम वाक्य मला पचत नाही. शनिवारी बोहरी आळी गाठली.

ज्या गल्लीत खिळ्यापासून कप्पीपर्यंत काहीही मिळतं तिथे मी सहा दुकानं फिरले. पहिल्या पाचांनी भुगा झालेला नट बघून "मिळेल ना" म्हणत डबा काढला आणि दांडा लावून बघितल्यावर डबा परत ठेवला. बसतच नव्हता, कारण गेलेला नट नेमका उलट्या आट्यांचा होता. सहाव्या दुकानातल्या आजोबांनी दांड्यावरून नख फिरवलं आणि हसले. "हे सायकलच्या डाव्या पॅडलसारखे आटे आहेत, ताई. असा नट तयार मिळायचा नाही. टर्नरकडून, लेथवर धातू कातणाऱ्याकडून, काढून घ्या." एवढं सांगायचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणून मी पॉलिश पेपरचे चार कागद उगाच घेतले.

घरी येऊन एक तारा द्यायचं पक्कं केलं होतं, मजकूरही तयार होता. तो पाठवला नाही याचं श्रेय नाना पेठेतल्या टर्नरकाकांना.

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे त्यांची एक लेथ आहे, माणूस एकटाच. क्लॅम्प हातात घेतला, नटाकडे पाहिलंच नाही, आधी मुठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ही पकडीने कुणी आवळली?"

लाकडी मुठीवर पकडीच्या दातांचे दोन ओळींत खळगे होते. दार डुगडुगलं तेव्हा मी पकड लावली होती हे कस्टमर केअरला सांगितलं नव्हतं आणि इथेही सांगणार नव्हते. म्हटलं, "हाताने पुरेसा बसत नव्हता."

"बसणार कसा? मधला दांडा तुम्ही ढिला ठेवलात आणि सगळा जोर मागच्यावर." त्यांनी खिळ्यावर लटकवलेला कपडे वाळत घालायचा चिमटा काढला. "याची मागची टोकं दाबली की तोंड उघडतं. तुमच्या क्लॅम्पचं उलट. मधला दांडा जबडे जवळ ओढून धरतो, मागचा दांडा मागची टोकं फाकवतो, म्हणून पुढचं तोंड मिटतं. मधल्याने जबडे कामाला नीट टेकवून घ्या, मग मागचा थोडासा. जबडे सरळ राहिले पाहिजेत. तिरके राहून नुसत्या टोकावर दाब आला की धरत काहीच नाही, ताण मात्र नटावर."

अकरा महिने मी अंदाजाने वापरत होते आणि निभत होतं, कारण कामं हलकी होती. दार जड निघालं. म्हणजे यात माझी चूक निम्मी तरी आहे. उरलेली निम्मी त्या भुसभुशीत ओतीव नटाची, ती मी सोडणार नाही. पकड लावली तरी आधी लाकडी मूठ दांड्यावर घसरायला हवी होती, नटाचं पीठ व्हायला नको होतं, असं काकांचंही म्हणणं पडलं.

पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावून त्यांनी माप घेतलं. दहा मिलिमीटरचा दांडा, दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर, म्हणजे नेहमीचंच एम टेन माप. नटाच्या आत उलटे आटे पाडायचा टॅप एका तेलकट फडक्यात गुंडाळलेला निघाला. पितळी गजातून दोन नट काढले, म्हणजे त्या क्लॅम्पमधले उलट्या आट्यांचे दोन्ही. मुठीतली खीळ ठोकून काढली, जुने नट भोकातून सरकवले, नवे घातले, खीळ परत. चारशे रुपये. क्लॅम्पच्या किमतीचा पाव हिस्सा झाला, पण आता तो दांडा लोण्यासारखा फिरतो. दुसरा क्लॅम्प त्याच्यापुढे खरखर करतो, म्हणून दोन्हींच्या दांड्यांना शिवणयंत्राचं तेल देते. पावसाळ्यात तसंही द्यावंच लागतं, नाहीतर आठवड्यात तांबूस गंज दिसायला लागतो.

दार बसलं. घासत नाही.

आता तारे द्यायचे तर पंचाईत अशी की क्लॅम्पला साडेचार, नटाला शून्य आणि नट उलट्या आट्यांचा असतो हे आपल्याच फोनवरच्या माणसांना न सांगणाऱ्या कंपनीला उणे एक. मी तीन देतेय. कुणाला जास्त वाटतील, कुणाला कमी.

घेणाऱ्यांसाठी एवढंच की हे सी क्लॅम्पची जागा घेत नाहीत. अरुंद फटीत शिरत नाहीत, घाईच्या कामाला उपयोगाचे नाहीत, मुठी बाहेर आलेल्या असतात त्या गुडघ्याला लागतात. आणि एक कधी घेऊ नका, दाराला पाय दोन लागतात.

जाता जाता घरातली बातमी. जोडी दुरुस्त होऊन आली तरी माझ्याकडे सध्या एकच क्लॅम्प आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसून नारळ खवता येत नाही. ओट्यावर विळी ठेवली तर सरकते. एका रविवारी मी विळीचा पाट जेवणाच्या टेबलाला हँडस्क्रूने आवळून दिला, काकांनी सांगितलं तसा, आधी मधला, मग मागचा. सनमायकाला ओरखडा नाही, विळी जागची हलत नाही. खुर्चीवर बसून त्यांनी दोन नारळ खवले, आणि संध्याकाळी मी क्लॅम्प सोडवायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, उद्या परत लावायचाच आहे." ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. जबड्याला आता नारळाचा वास येतो.

म्हणून काल ती दहा टक्के सूट वापरून दुसरी जोडी मागवली, त्याच विकणाऱ्याकडून. आली की आधी नाना पेठेत जाऊन चारही उलटे नट पितळी करून घेणार, काकांना फोन केलाय. खोक्यावर मात्र यावेळी मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे: रद्दी नाही.