पराग कुठल्या फुलाचा? सूक्ष्मदर्शक की डीएनए

लातूरच्या बाजारातून आणलेल्या, मधमाश्यांनी गोळ्या करून जमवलेल्या परागाच्या डबीवर ‘मल्टीफ्लोरा’ (अनेक फुलांचा) एवढंच छापलंय. करडई, तूर की बाभूळ, ते ज्याचं त्यानं ओळखायचं!

मी आधी सूक्ष्मदर्शकच धरेन. गोळ्या रंगावरून निवडायच्या (मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते), पाण्यात कालवायच्या, काचपट्टीवर एक थेंब. सूर्यफुलाचा कण गोल, अंगभर काटे, थेट धोतऱ्याचं बोंड. बाभळीचे कण सुटे नसतातच, घट्ट पुंजक्यात येतात. ज्वारीचा गुळगुळीत, एकच भोक. तीनेकशे कण मोजले की कुणाचा वाटा किती, याचाही अंदाज येतो. पण ज्वारी-बाजरी शेजारी ठेवली की भलेभले अडतात. गवतवर्गाचे कण सगळे एकाच साच्यातले.

तिथं डीएनए बारकोडिंग (डीएनएचा ठरावीक तुकडा नोंदवलेल्या जातींशी ताडून पाहणं) सरस. आयटीएस-२ सारख्या तुकड्यावरून जातीपर्यंत पोचता येतं, संदर्भ-नोंद असेल तर. मात्र खर्चिक, आणि वाट्याचं प्रमाण त्यावरून भरवशानं काढता येत नाही.

गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यानं तर जातीपर्यंत जाऊच नये. सूर्यफूल, करडई त्याच कुळातली. काटेरी कण दिसला, डबी बाजूला.