अल्फा रोमिओ जुलिया सुपर १.६: जपलेली गाडी विकायला आली तर घ्यावी का?

घ्यावी. पण आधी गाडीखाली आडवं होऊन बघावं आणि मगच बैठकीवर बसावं.

जुलिया १९६२ मध्ये टीआय या नावाने आली आणि १९६५ मध्ये तिची सुपर निघाली. १५७० सीसीचं इंजिन, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, वेबरचे दोन जुळे कार्ब्युरेटर, ९८ हॉर्सपॉवर, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. चार दरवाजांच्या घरगुती गाडीत त्या काळी एवढं सगळं एकत्र मिळत नसे. वजन एक टनाच्या आसपास, वेग ताशी १७५ किलोमीटरच्या पुढे. दिसायला डबा, पण हवा कापण्यात भल्याभल्या कूपेंना लाजवणारा: ड्रॅगचा आकडा ०.३४. इटलीच्या पोलिसांनी आणि काराबिनिएरींनी (तिथलं निमलष्करी पोलीस दल) ही गाडी वर्षानुवर्षं वापरली, ती काही शोभेसाठी नव्हे.

जाहिरातीच्या फोटोंत रंग आणि क्रोम चमकत असतात, सीटवर सुरकुती नसते. त्यावर भाव ठरवू नका. या गाडीचं इंजिन नव्यासारखं करता येतं, गिअरबॉक्सही होतो. पत्रा कुजला असेल तर मात्र खर्चाला तळ नाही.

दाराखालचं सिल तीन थरांचं असतं: बाहेरचा पत्रा, मधला आणि आतला. गाडीला वेगळी चासी नाही, त्यामुळे अंगाची बरीचशी ताकद या तीन थरांत असते. बाहेरचा पत्रा नवा लावून रंगवला की काम झकास दिसतं, आणि मधला थर आतून भुसा होत राहतो. जॅक पॉइंटला जॅक लावून एका बाजूची चाकं उचला आणि त्या बाजूची दोन्ही दारं उघडझाप करून बघा. दार घासलं किंवा वरची फट अरुंद झाली, तर सिल गेलं असं समजा. जॅक लावताना विकणारा चुळबुळ करत असेल तर तेही उत्तरच आहे.

मग पुढे चला. रेडिएटरखालचा आडवा पत्रा चुकीच्या जागी जॅक लावल्याने चेपतो आणि तिथूनच गंज धरतो. पुढच्या मडगार्डचा खालचा मागचा कोपरा, दारांच्या तळकडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीत स्टेपनीखालचा तळ या ठरलेल्या जागा. आतलं कार्पेट उचलूनच बघा. सगळ्यात महागडी जागा म्हणजे मागच्या अॅक्सलचे लांब आर्म जिथे अंगाला बोल्टने बसतात तो भाग. तिथे ठिगळावर ठिगळ दिसलं तर उठून घरी या.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या. कारखान्याचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एकदा नीट रंगवलेली गाडी २०० ते ३००. आकडा ५०० च्या वर गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सगळी गाडी एकसारखी २५० दाखवत असेल तर काळजी नको. एकच मडगार्ड ८०० दाखवत असेल तर तिथे काय झालं ते विचारा.

इंजिनासाठी विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा की आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बरंच काही लपवतं. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, आत बिडाचे ओले लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतात त्या सुट्या नळ्या, बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या. हेड गॅस्केटमध्ये तेलाच्या वाटांभोवती छोटे रबरी ओ-रिंग असतात. ते कडक झाले की तेल बाहेर झिरपतं किंवा पाण्यात मिसळतं. म्हणून थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून तेलाचा तवंग आहे का ते बघा. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका, थंडीत जवळच्या फेऱ्या मारल्या तरी तो जमतो. डिपस्टिकवरही तोच फेस असेल तर मात्र हेड उघडावं लागणार. कूलंट तांबूस पाणी असेल तर तेही वाईट. गंजरोधक न घालता नुसतं पाणी चालवलं की अॅल्युमिनियमच्या वाटा आतून खाल्ल्या जातात.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनचा दाब, चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं हवं, १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ऑइल प्रेशर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ३००० आरपीएमला ४ बारच्या आसपास असावं. आयडलला काटा खाली बसतो, तो या इंजिनाचा स्वभावच. पुढून खळखळ येत असेल तर बहुधा टायमिंग चेन सैल आहे. हेडच्या पुढच्या बाजूचा टेन्शनरचा बोल्ट ढिला करायचा, इंजिन हळू फिरवून स्प्रिंगला ताण घेऊ द्यायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. तरीही आवाज राहिला तर चेन बदलायला आली. व्हॉल्व्हचं अंतर कपाखालच्या शिम बदलून जुळवतात आणि त्यासाठी कॅमशाफ्ट काढावे लागतात. त्यामुळे हे काम लोक टाळतात. शेवटचं कधी झालं ते बिलावर बघा.

आयडल वरखाली होतं, रेस दिली की इंजिन अडखळतं, अशी तक्रार असली की मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलून बसतात. आधी कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधले रबरी माउंट तपासा. त्यांना भेगा पडल्या की फुकटची हवा आत जाते. स्वस्त भाग आहे, पण भावात घासाघीस करायला उपयोगी. इंजिन पुरतंच गेलं असलं तरी पिस्टन आणि लायनरचा जोडसंच मिळतो, बोअर करायची भानगड नाही.

गिअरबॉक्सचं दुखणं एकच आणि सर्वांना ठाऊक: दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर आवाज न करता बसवणारी कडी). थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात किंचित करकर चालेल. गाडी पूर्ण तापल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना करकरली, किंवा रेस सोडल्यावर गिअर आपोआप बाहेर आला, तर बॉक्स उघडायचा खर्च धरून चाला. वेग वाढताना खालून थरथर आली तर प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंग किंवा मधलं बेअरिंग. रेस सोडताना आणि देताना मागून ठक्क आवाज आला तर अॅक्सलचे बुश.

ब्रेकचं थोडक्यात: वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचे कॅलिपर अडकतात आणि गाडी एका बाजूला ओढते. सुरुवातीच्या डनलॉप ब्रेकचा हँडब्रेक कमजोर असतो, नंतरच्या आटे ब्रेकचा बरा.

म्हणूनच वातानुकूलित गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा दर महिन्याला रस्त्यावर जाणारी, कडांना थोडे खडे लागलेली गाडी आम्ही आधी निवडू. रबर, सील आणि पेट्रोलची टाकी ही सगळी उभं राहूनच मरतात.

कागद बघताना इंजिनाच्या ब्लॉकवर एआर ००५२६ हा प्रकार आणि चासी नंबराच्या सुरुवातीला १०५.२६ आहे का ते पडताळा. १३०० चं इंजिन घातलेल्या किंवा नंतरचं २००० बसवलेल्या गाड्या खूप फिरतात. चालवायला २००० मजेदारच, पण मूळ गाडीचा भाव त्याला देऊ नये. गाडी इटलीतली असेल तर पीआरएचा, म्हणजे तिथल्या वाहननोंदणीचा, कालानुक्रमे उतारा मागितला की मालकांची साखळी कळते. मिलानजवळच्या अरेझे इथलं अल्फाचं दस्तऐवज केंद्र नंबरावरून गाडीची निर्मिती आणि मूळ रंग सांगणारा दाखला देतं. इटलीची जुनी काळी नंबरप्लेट टिकून असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. १९७४ नंतरची नुओवा सुपर, सपाट बॉनेट आणि काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीची, यांत्रिकदृष्ट्या तितकीच चांगली आणि बहुधा स्वस्त. दिखाव्याची हौस नसेल तर तीच बघा.

घेतल्यावर लांब पल्ल्याला निघण्याआधी ब्रेक फ्लुइड आणि ब्रेकचे सगळे रबरी होज बदला, पेट्रोलचे पाइप बदला, कूलंट काढून गंजरोधकासह नवं भरा, इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल घाला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांवरचे टायर काढून टाका.