नवशिक्यांसाठीचा बाईक रेस वीकेंड केला, शनिवारी स्कूल आणि रविवारी पहिली रेस, सगळा अनुभव लिहितेय

मागच्या शनिवार-रविवारी आयुष्यातली पहिली रेस केली आणि अजून हाताचे पंजे दुखतायत, तरी म्हटलं विसरायच्या आत लिहून काढावं, कारण जायच्या आधी मी स्वतः असा एखादा रिव्ह्यू शोधत होते आणि जे सापडलं त्यात नुसते फोटो आणि "भारी अनुभव" एवढंच. स्कूलचं नाव इथे लिहीत नाहीये. ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्यात. पण असे वीकेंड सगळीकडे साधारण याच साच्याचे असतात त्यामुळे तुम्ही कुठेही जाणार असाल तरी उपयोग होईल.

पॅकेज असं होतं की शनिवारी क्लासरूम आणि २० मिनिटांची ५ सेशन्स, रविवारी सकाळी प्रॅक्टिस, मग क्वालिफाइंग (ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांमध्ये, कोण कितवं उभं राहणार ते ठरवणारं सेशन) आणि दुपारी ८ लॅपची रेस. बाईक त्यांची, ३०० सीसीच्या आसपासची. सूट, बूट, ग्लोव्ह्ज भाड्याने. हेल्मेट मात्र माझं स्वतःचं नेलं होतं आणि ते तुम्हीही न्याच, दुसऱ्याने आधी कुठे आपटलंय का हे वरून बघून कळत नाही.

बाईक लहान म्हणून नाक मुरडू नका. मोठ्या इंजिनवर सरळ रस्त्यावर ताकद सगळं झाकून टाकते, इथे कॉर्नरमध्ये ताशी ५ किमीचा स्पीड घालवला की पूर्ण स्ट्रेट ते भरून काढण्यात जाते, म्हणजे चूक कुठे झाली ते लगेच कळतं. आणि याच साइजच्या बाईकवर वर्ल्ड चॅम्पियनशिप झालीये. सुपरस्पोर्ट ३०० क्लास २०१७ ला सुरू झाला आणि २०१८ ला आना कारास्कोने निंजा ४०० वर ती जिंकली, फक्त १ पॉइंटच्या फरकाने, सर्किट रेसिंगमध्ये सोलो (साइडकार नसलेल्या) बाईकवर वर्ल्ड टायटल जिंकणारी पहिली बाई. मी तेव्हापासून हे डोक्यात घेऊन बसले होते.

आता आधी चांगलं सांगते. सकाळी पोचल्या पोचल्या वाटलं होतं की चावी हातात देतील आणि सोडतील, तसं नाही झालं. स्क्रुटिनीला (ट्रॅकवर जायच्या आधीच्या तपासणीला) न्यायची बाईक तुम्हीच तयार करायची, भाड्याची असली तरी. आरसे काढा, साइड स्टँड काढा, हेडलाइट आणि टेललाइटवर टेप मारा म्हणजे पडल्यावर काच ट्रॅकवर सांडणार नाही. रेडिएटरमध्ये कूलंट नाही, नुसतं डिस्टिल्ड वॉटर, कारण नेहमीच्या कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं तर लवकर वाळत नाही आणि मागून येणाऱ्याचा टायर त्यावर बर्फावर गेल्यासारखा जातो. इंजिनखाली बेली पॅन, म्हणजे ट्रेसारखा भाग, ऑइल गळलं तर ते तिथेच साठावं म्हणून.

आणि ती वायर! ऑइलच्या ड्रेन बोल्टला बारीक स्टीलची वायर बांधतात. बोल्टच्या डोक्याला भोक पाडलेलं असतं, त्यातून वायर ओवायची, दोन्ही टोकांना पक्कडीने एकसारखा पीळ द्यायचा आणि दुसरं टोक फ्रेमजवळच्या एखाद्या पक्क्या जागी अडकवायचं. तिथले मेकॅनिक काका, साठीच्या पुढचे असतील, त्यांनी मला बाजूला बसवलं आणि म्हणाले तू बांध. मी बांधली. त्यांनी काही न बोलता कटरने तोडली. "हा बोल्ट सुटायला लागला तर तुझी वायर त्याला सोडायलाच मदत करेल. ओढ घट्ट व्हायच्या बाजूला पाहिजे." मग नीट बघितलं तर खरंच, मी वायर बोल्टच्या उलट्या अंगाने नेली होती. परत बांधली, पीळ मोकळा पडला, परत तोडली. तिसऱ्यांदा त्यांनी नखाने वायर ताणून बघितली आणि मान डोलावली. "हे तुझ्यासाठी नाही गं, तुझ्या मागे येणाऱ्यासाठी आहे," एवढंच बोलले आणि पुढच्या बाईककडे गेले. त्या अर्ध्या तासासाठी मी या स्कूलला पूर्ण मार्क देते, बाकी कुणी काही म्हणो.

कोच सर. यांच्यामुळे मी परत जाणार आहे. पहिल्या सेशनच्या आधी त्यांनी प्रत्येकाच्या मीटरवर काळी टेप मारली. स्पीड बघायचाच नाही, डोळे आत आणायचे नाहीत. आणि पहिली दोन सेशन्स एकाच गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता. ही ड्रिल अमेरिकन कोच कीथ कोडच्या कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलमुळे प्रसिद्ध झालीये, ते स्कूल १९८० पासून चालूये, आता बरेच जण तसं शिकवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ब्रेक नाही म्हटल्यावर कॉर्नरच्या आधी ॲक्सिलरेटर कधी सोडायचा आणि आत शिरल्यावर किती हळूवार परत उघडायचा हे अंगात बसतं, नाहीतर आपण जोरात येतो, घाबरून ब्रेक दाबतो आणि कॉर्नरच्या मधे बाईक धड इकडे ना तिकडे.

मग सर माझ्या मागे मागे ३ लॅप चालवून आले आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारी बाईक थांबवायची जागा) हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाले, "तुझं हेल्मेट वळतच नाही." मी म्हटलं सर मी बघतेय ना आत. ते म्हणाले तू डोळ्यांनी बघतेस, मानेने नाही, आणि डोळे पण पुढच्या चाकासमोरच्या डांबरावर आहेत, तिथे जे काय आहे ते तुझ्या हातातून गेलेलं आहे. १६० च्या स्पीडला बाईक सेकंदाला ४४ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद उशिरा बघितलं तर २२ मीटर पुढे गेलीस. मी हा हिशोब कधी केलाच नव्हता. रस्त्यावर इतकी वर्षं चालवतेय, पण खड्डे बघायची सवय लागलेली, नजर जवळ, आणि इथे तीच सवय नडत होती.

संध्याकाळी ट्रॅक बंद झाल्यावर त्यांनी आम्हाला पायी फिरवलं, आख्खा ट्रॅक, तासभर. वीकेंडचा सगळ्यात चांगला तास तो. बाईकवरून जे सपाट वाटत होतं ते सपाट नव्हतंच, चौथ्या कॉर्नरला ट्रॅक बाहेरच्या बाजूला उतरतो म्हणून तिथे बाईक आपोआप बाहेर जात होती आणि मी दिवसभर स्वतःला दोष देत होते. एका ठिकाणी डांबराचा नवा पट्टा, त्याचा रंग थोडा जास्त काळा, सर म्हणाले हा तुझा टर्न-इन, कॉर्नरमध्ये वळायला सुरुवात करायची जागा, इथे आलीस की आत मान वळव, बाईक नाही, आधी मान. मग एपेक्सच्या (कॉर्नरचा सगळ्यात आतला बिंदू) कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर, उभं राहून मागे बघायला लावलं, मग पुढे, एक्झिटकडे. म्हणजे ब्रेक मार्करला (ब्रेक लावायच्या खुणेला) असताना नजर टर्न-इनवर, टर्न-इनला असताना एपेक्सवर, एपेक्सला पोचायच्या आधीच एक्झिटवर, नजर कायम एक घर पुढे. मी अंधार पडेस्तोवर तिथे उभी होते.

आता तक्रारी.

पहिली, सूट. भाड्याचे सगळे सूट पुरुषांच्या मापाचे. मला खांद्यात ढगळ, कमरेखाली घट्ट, आणि गुडघ्याचं पॅड बसल्यावर सरकून नडगीवर. हा दिसण्याचा प्रश्न नाहीये. सूट ढगळ असला तर पडल्यावर पॅड फिरतं आणि जे हाड वाचवायचं ते उघडं पडतं, सूटचं चामडं पण घसरताना गोळा होतं. मी फोनवर माप दिलं होतं, हो हो आहे म्हणाले होते. एअरबॅग व्हेस्ट मिळाला हे मात्र चांगलं, मोटोजीपी या बाईक रेसिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या तिन्ही क्लासमध्ये २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे आणि माझ्या मते नवशिक्यांना तर आधी पाहिजे. बायकांनी जायचं असेल तर सूट आधी अंगावर घालून, बाईकवर बसल्यासारखं वाकून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

दुसरी, टायरचं प्रेशर. दुपारच्या सेशनला माझी बाईक पुढून अशी वाटायला लागली की जणू टायर डांबराला धरतच नाहीये, कॉर्नरमध्ये हँडल हलकं हलकं. दोन लॅप वाट बघितली, मग पिटमध्ये आले. काकांनी गेज लावलं तर प्रेशर पाहिजे त्यापेक्षा बरंच वर. सकाळी गार असताना भरलेलं, दुपारी ट्रॅक तापला, टायर तापला, आतली हवा फुगली, टायर टणक झाला आणि जमिनीला टेकणारा भाग कमी झाला. तो भाग तसाही हाताच्या पंज्याएवढाच असतो. हवा कमी केली आणि पुढच्या लॅपला बाईक वेगळीच. काम दोन मिनिटांचं, पण मी आत आले नसते तर कोणी बघणार नव्हतं, भाड्याच्या बाईकवर नवीन माणूस बसवलाय तर प्रत्येक सेशननंतर हे बघायलाच पाहिजे. मी तसं बोलले आणि त्यांनी ऐकून घेतलं. रविवारी खरंच प्रत्येक वेळी गेज घेऊन मुलगा उभा होता.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, फ्लॅगचं ब्रीफिंग. पाच मिनिटांत उरकलं, अक्षरशः पाट्या टाकल्या. इथे जीवाचा प्रश्न असतो. पिवळा म्हणजे पुढे धोका आणि ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पिवळ्यावर लाल पट्टे असलेला म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा आहे, आणि काळ्यावर केशरी गोल तुमच्या नंबरसोबत दाखवला तर तुमच्या बाईकमध्ये बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोडा, हे आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. क्वालिफाइंगला एकजण लो-साइड होऊन, म्हणजे टायर घसरून आतल्या बाजूला, पडला (त्याला काही लागलं नाही), मार्शल (ट्रॅकच्या कडेला फ्लॅग घेऊन उभी असलेली माणसं) धावत होते, पिवळा हलवत होते आणि तिथेच एकाने मला आतून ओव्हरटेक केलं. माझ्या पोटात गोळा आला, स्वतःसाठी नाही, त्या मार्शलसाठी. ती माणसं दिवसभर उन्हात आपल्यासाठी उभी असतात. शिक्षा झाली त्या मुलाला, ग्रिडवर शेवटी गेला, पण चूक अर्धी शिकवणाऱ्यांची आहे असं मी म्हणेन. बॅच पण १६ जणांची होती आणि कोच दोनच, एका कोचमागे ८ जण जास्त होतात.

रेस. ग्रिडवर १९ बाईक (आमच्या बॅचच्या बाहेरचे तिघं होते), मी १५ वी. वॉर्म-अप लॅप करून परत जागेवर येऊन थांबलो तेव्हा इतका आवाज असतो की आपलं इंजिन चालू आहे का बंद ते कानाने कळत नाही, पायाखाली थरथर जाणवते त्यावरून ठरवायचं. लाल दिवे लागले, विझले, क्लच सोडला, पुढचं चाक किंचित उचललं आणि पहिल्या कॉर्नरला सगळे एकत्र. त्या कॉर्नरचं मला काहीच आठवत नाही.

पाचव्या लॅपचं सगळं आठवतं. चौथ्या कॉर्नरला, त्याच बाहेर उतरणाऱ्या, माझ्या पुढचा मुलगा जास्त जोरात शिरला आणि बाहेर बाहेर जायला लागला, आणि माझी बाईक पण त्याच्यामागे जायला लागली कारण मी त्याच्याकडे बघत होते. जिथे बघाल तिथे जाल हे शंभर वेळा ऐकलेलं, पण ते होत असताना आतून कसं वाटतं हे तेव्हा कळलं, नजर चिकटते, सुटतच नाही. मग तो काळा डांबराचा पट्टा कडेला दिसला आणि कसं कोण जाणे मान वळली, एपेक्सच्या कर्बकडे, आणि बाईक तिकडे गेली. मी काही जोर लावला नाही, घाई केली नाही. तो गवतात गेला, सावरला, परत आला. मी १३ वी आले. माझा रेसमधला चांगला लॅप शनिवारच्या चांगल्या लॅपपेक्षा ६ सेकंदांनी फास्ट होता.

तर जावं का? बाईक नीट चालवता येत असेल, क्लच-गिअरचा विचार करावा लागत नसेल तर नक्की जा. कोचिंगला १० पैकी १०, बाईक तयार करून घेण्याला १०, भाड्याच्या सूट-बूटला ४, फ्लॅग ब्रीफिंगला ३. जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: एका कोचमागे किती जण, तुमच्या मापाचा सूट खरंच आहे का, आणि ट्रॅक पायी फिरवतात का. पायी फिरवत नसतील तर दुसरं स्कूल बघा. कानात घालायचे प्लग न्या, पाणी भरपूर प्या, आणि दुपारच्या शेवटच्या सेशनला अंग थकलंय असं वाटलं तर बाहेर बसा, आमच्या इथे शनिवारी जे दोघं पडले ते दोघंही त्या शेवटच्या सेशनला.

मी पुढच्या बॅचचं बुकिंग केलंय. सूट स्वतःचा शिवायला टाकलाय, आणि मीटरवरची टेप मी काकांकडून आख्खी गुंडाळीच मागून आणलीये.