चाइल्ड स्पॉन्सरशिप, वर्षभरानंतर: 'रिप्लेसमेंट'चं कलम वाचल्याशिवाय ऑटोपे लावू नका

महिना हजार रुपये, यूपीआय ऑटोपे, मुलाचा फोटो आणि केस हिस्टरीची (घरची माहिती) पीडीएफ. स्कीम अशी: आपण दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, संस्था आपलं नाव एका गरजू मुलाशी जोडते. संस्था परदेशी मुळाची, नाव लिहीत नाही. मध्येच ईमेल आला: तुमचं मूल कार्यक्रमातून बाहेर पडलं, त्याच्या जागी हे दुसरं, हा नवा चाइल्ड आयडी. विचारणं नाही, काही नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला गेला.

हेच ते 'रिप्लेसमेंट'. ऑटोपेचा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायची परवानगी, संस्थेच्या नावावर असतो, मुलाच्या नाही. मूल बदललं तरी तो चालूच राहतो. मूल बाहेर पडायची नेहमीची कारणं म्हणजे वयोमर्यादा, लग्न, गाव सोडणं, किंवा 'फेज आउट', म्हणजे संस्थाच त्या भागातलं काम आटोपते. गाव सोडण्याचं कारण नीट विचारून घ्या. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आपल्याकडच्या, कोल्हापूर भागातल्या कारखान्यांवर येतात. तिकडे 'बाहेर पडलं' म्हणून नोंदलेलं पोरगं शिरोळच्या फडात, तुमच्यापासून तासाभरावर असू शकतं. एक हंगाम थांबतात की लगेच नाव काढतात, हे लेखी मागा.

'कम्युनिटी बेस्ड' पद्धतीवर सुरुवातीला माझा रागच होता: पैसे मुलाच्या हातात नाहीत, सगळ्यांचे एकत्र करून पाणी, शाळा, आरोग्यावर खर्च. आता मत बदललंय. वाडीतल्या एकाच घरी दप्तर-सायकल गेली की शेजारी धुसफूस ठरलेली. तरी दुसरी बाजूही आहे. 2013 मध्ये जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीत सहा देशांतला अभ्यास आला. त्यात स्पॉन्सर झालेल्या मुलांचं शिक्षण 1.03 ते 1.46 वर्षांनी वाढलेलं दिसलं. तो कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेचा कार्यक्रम होता, थेट मुलावर खर्च करणारा. त्याच संस्थेला परदेशी देणगीच्या परवानगीवरून 2017 मध्ये भारतातलं काम बंद करावं लागलं. थेट खर्चाचं मॉडेल चांगलं असलं, तरी कायमचं असेलच असं नाही.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकानं आपल्याच संस्थेला डॉलर पाठवले, तर ते एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातूनच येतात आणि 2020 पासून त्यातले जास्तीत जास्त 20 टक्के प्रशासनावर खर्चता येतात. भारतीय नागरिकानं इथूनच भरलेल्या रुपयांना हा नियम लागू नाही. म्हणून ऑडिट रिपोर्टमधला 'ॲडमिन कॉस्ट'चा आकडा आपला आपणच बघायचा.

'करस्पॉन्डन्स' म्हणजे मुलाशी पत्रव्यवहार. पत्र ऑफिसातूनच जातं, तपासून. पत्ता, फोन, फेसबुक लिहू नका, खोडतात आणि ते बरोबरच आहे.

आता पैशाचं. देणगीवरची करवजावट (1961 च्या आयकर कायद्यातलं 80जी) जुन्या कर पद्धतीतच चालते. वर्षाला 12,000 भरले तर बहुतेक संस्थांना 50 टक्के, म्हणजे 6,000 वजावट. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट 1,248 रुपये वाचतात. रोख 2,000 च्या वर दिली तर वजावट शून्य. नुसती पावती पुरत नाही, 2024-25 साठी संस्थेनं द्यायचं 10बीई हे देणगीचं सर्टिफिकेट लागत होतं आणि ते देण्याची मुदत 31 मे होती. पॅन चुकला की सगळं बोंबललं, नोंदणीवेळीच तपासा.

रिप्लेसमेंट नको असेल तर ईमेलवर वाद घालत बसू नका. हप्ता कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, तेवढ्यात यूपीआय ॲपमधून मॅन्डेट 'पॉज' किंवा 'कॅन्सल' करा, मग नव्या मुलाची केस हिस्टरी मागवा. नवीन मॅन्डेट लावताना शेवटची तारीख मार्चची टाका. म्हणजे दर वर्षी त्यांनाच परत विचारायला यावं लागतं.