लेलँड सायप्रसचं हिरवं कुंपण न्यू जर्सीत : दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

मध्य न्यू जर्सीत, घराच्या वायव्य हद्दीवर लावलेल्या १४ लेलँड सायप्रसना (भराभर वाढणारं सदाहरित सूचिपर्णी झाड) आता २३ महिने झाले. एप्रिलमध्ये लावताना रोपं चार फुटांची, सात गॅलनच्या कुंडीतली होती. पहिल्या वर्षी जेमतेम वाढली, दुसऱ्या वर्षी सुटली, आणि आज बरीचशी आठ फुटांच्या वर आहेत. १२ ठणठणीत, एकाची बाजू करपलेली, एक गेलं. नर्सरीतल्या पाटीवर ‘झोन ६ पर्यंत चालतं’ एवढंच लिहिलेलं असतं (झोन म्हणजे अमेरिकेतले हिवाळ्याच्या थंडीनुसार पाडलेले विभाग, आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त). ते खोटं नाही, पण इथं हे झाड गारठ्यापेक्षा तहानेनं जास्त मरतं.

लेलँड सायप्रस हा दोन झाडांचा संकर, तो १८८८ साली वेल्समधल्या लेटन हॉलच्या आवारात आपोआप झाला. एक पालक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं मॉन्टेरी सायप्रस, दुसरं थेट अलास्कापर्यंत वाढणारं नूटका सायप्रस. वाढीचा सपाटा पहिल्याकडून आला, थंडी सोसण्याची ताकद दुसऱ्याकडून. बियांपासून रोपं होत नसल्यामुळे बाजारातलं प्रत्येक रोप फांदीच्या कलमाचं असतं. म्हणजे एका वाणाची रांग ही एकाच झाडाच्या प्रती, आणि एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. आणखी एक, मोरपंखीच्या सवयीनं रोपांमधलं अंतर आखडू नका. मोरपंखी अंगणात वर्षानुवर्षं आटोपशीर राहते, हे झाड मोकळं सोडलं तर साठ फुटांच्या पुढे जातं. दोन रोपांत सात-आठ फूट ठेवाच. पहिली दोन वर्षं रांग विरळ दिसते, दिसू द्या.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या अडीचपट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. इथली चिकणमाती खोल खणली की रोप नंतर खचतं आणि बुंध्याशी पाणी साचतं. गोळ्याचा वरचा काठ जमिनीपेक्षा इंचभर वरच राहू द्या. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल-गोल फिरलेली दिसली, तर धारदार सुरीनं गोळ्यावर चार बाजूंनी उभ्या, इंचभर खोल चिरा द्या. हा निर्दयपणा वाटतो, पण चिरा न दिलेलं रोप दोन वर्षांनीही कुंडीच्याच आकारात बसलेलं सापडतं आणि पहिल्या वादळात कलतं. भोवती आळं करा, वर तीन इंच लाकडी चुऱ्याचं आच्छादन घाला, बुंध्यापासून चार इंच लांब. ज्वालामुखीसारखा ढीग रचलेला सगळीकडे दिसतो. त्याखाली साल कुजते.

आता पाण्याचं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर रोपाला चार-पाच गॅलन. हे सगळेच करतात. खरी चूक नोव्हेंबरमध्ये होते: पाइप फुटू नये म्हणून बाहेरचा नळ बंद केला जातो, आणि त्याबरोबर झाडांचं पाणीही. पानं तर हिरवीच असतात, जानेवारीच्या उन्हात आणि वायव्येच्या वाऱ्यात पाणी सोडत राहतात. जमीन गोठली की मुळं ते भरून देऊ शकत नाहीत. म्हणून नळ बंद करण्याआधी एकदा सावकाश, आळं दोनदा भरून पाणी द्या. पुढे कोरडा हिवाळा निघाला, तर पारा ४–५ अंश सेल्सियसच्या वर आणि माती मोकळी असेल त्या दिवशी बादलीनं द्या. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा खुंट्यांवर ताणला तर फरक दिसतो, फक्त तो पानांना टेकू देऊ नका. ऑगस्टनंतर नत्राचं खत बंद. कोवळी फूट थंडीत पहिली जाते.

मार्चमध्ये शेंडे तांबूस झाले की लगेच कात्री काढू नका. नखानं डहाळीची साल खरवडा: खाली ओलसर हिरवं असेल तर जीव आहे, मेपर्यंत थांबा. करपणं वाऱ्याच्या बाजूला सरसकट दिसतं. हिरव्या झाडात एकच फांदी विटकरी झाली असेल, तिच्या बुडाशी साल खोलगट होऊन डिंक गळत असेल, तर तो कँकर बुरशीचा रोग. त्यावर फवारणी नाही. फांदी निरोगी भागात कापा आणि दर कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. उन्हाळ्यात पाण्यासाठी तडफडलेल्या झाडांनाच तो आधी धरतो. शरद ऋतूत आतली जुनी पानं पिवळी होऊन गळतात, त्याची काळजी नको.

बॅगवर्म या पानं खाणाऱ्या अळीच्या लोंबत्या पिशव्या हिवाळ्यात हातानं तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. एका पिशवीत शेकडो अंडी असू शकतात. राहून गेल्या तर जूनमध्ये, अळ्या बारीक असतानाच, बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक) फवारा. छाटणी फक्त हिरव्या भागात. तपकिरी लाकडापर्यंत कापलं तर तिथं पुन्हा फूट येत नाही, ते भगदाड कायमचं. ओला बर्फ साचला तर झाडूनं खालून वर हलकेच उचला. फांदीवर काचेसारखा बर्फ गोठला असेल तर हातही लावू नका.

गेलेलं झाड खोलगट कोपऱ्यातलं, छताच्या पन्हाळीचं पाणी जिथं उतरतं तिथलं. उपटल्यावर मुळं काळपट होती आणि चिमटीत धरताच त्यांची साल मोज्यासारखी निघून आली: मूळकूज. तिथं पुन्हा लेलँड नाही, आणि झोन ५ सोसणारं ग्रीन जायंट थुजाही पन्हाळ दुसरीकडे वळवल्याशिवाय नाही, कारण पाय ओले त्यालाही चालत नाहीत. ओल सोसतं ते इथलंच साधं अमेरिकन आर्बरव्हायटी, म्हणजे थुजाचीच एक जात. पण हरणांचा तो आवडता चारा आहे, तेव्हा ते लावलं तर पहिल्याच थंडीआधी सहा फुटी जाळी हवी.