सीरियल डेटा गळतोय: वेग कमी करावा, बफर वाढवावा की ‘ओके’ची वाट पाहावी?

संगणकावरून आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला २०० अक्षरं पाठवली आणि हाती लागली ६३, की बहुतेकांचा हात आधी बॉड रेटकडे (डेटा पाठवण्याच्या वेगाकडे) जातो. त्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते पाहा. फक्त सुरुवातीची अक्षरं जात असतील तर कारण बहुधा रिसेट: पोर्ट उघडताच उनो रिसेट होतो. दोनेक सेकंद थांबून पाठवा, काम झालं. अक्षरं भलतीच दिसत असतील तर दोन्हीकडचे बॉड रेट आणि ग्राउंडची तार तपासा. मधली किंवा शेवटची अक्षरं गळत असतील, तरच पुढचे पर्याय कामाचे.

११५२०० बॉडला दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. उनोचा ६४ बाइटचा बफर (आलेले बाइट वाचले जाईपर्यंत ठेवायची जागा) साडेपाच मिलिसेकंदांत भरतो आणि नंतर आलेले बाइट मुकाट्याने टाकून दिले जातात. कोडमध्ये १०० मिलिसेकंदांचा डिले (प्रोग्रॅम तेवढा वेळ थांबवणारी आज्ञा) असेल तर तेवढ्या वेळात हजारावर बाइट येऊन जातात.

बफर २५६ केला तर उसंत २२ मिलिसेकंदांची मिळते. छोटे पण झपाट्याने येणारे संदेश असतील तर एवढं पुरतं, मात्र उनोची रॅम सगळी मिळून २०४८ बाइट आहे. आणि डब्ल्यूएस२८१२ एलईडीची पट्टी जोडली असेल तर मोठा बफर काहीच कामाचा नाही! ६० एलईडींना रंग पाठवताना सुमारे १.८ मिलिसेकंद इंटरप्ट (आलेला बाइट लगेच उचलायला लावणारे संकेत) बंद असतात. त्या काळात २० बाइट येतात, पण हार्डवेअर दोन-तीनच धरून ठेवतं. बाकीचे बफरपर्यंत पोहोचतच नाहीत. इथे ९६०० बॉड खरंच उपयोगी पडतो, कारण तेवढ्या वेळात दोनच्या आत बाइट येतात. लांब डिलेपुढे मात्र तोही टिकत नाही: १०० मिलिसेकंदांत ९६ बाइट, म्हणजे बफर भरून वाहणारच.

दोन्ही अडचणींवर मला भरवशाचा वाटतो तो ‘ओके’चा मार्ग. उनोने ओळ वाचून काम संपवलं की ‘ओके’ पाठवायचं, तोवर संगणकाने पुढची ओळ धरून ठेवायची. एक ओळ बफरपेक्षा लहान हवी, एवढीच अट. सीएनसी मशीन चालवणारं ग्रबल हे सॉफ्टवेअर हेच करतं. दर ओळीमागे थोडा वेळ जातो. तो खटकत असेल तर ग्रबलची दुसरी रीत घ्या: समोरच्या बफरात किती बाइट पडून आहेत याचा हिशेब पाठवणाराच ठेवतो आणि मावेल तेवढंच पाठवतो.

‘पाठव’ आणि ‘थांब’ सांगणाऱ्या आरटीएस-सीटीएसच्या वेगळ्या तारा उनोच्या यूएसबी जोडणीत मायक्रोकंट्रोलरपर्यंत येत नाहीत. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरत असाल तर त्यांचा जरूर विचार करा. एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे ‘पाठव’साठी १७ आणि ‘थांब’साठी १९ हा बाइट पाठवायची रीत, बायनरी डेटासाठी नकोच, हे आकडे डेटातही येऊ शकतात.

पाठवणारा जीपीएस मॉड्यूल असेल तर तो तुमच्या ‘ओके’साठी थांबणार नाही. तिथे डिले काढून मिलिस (न थांबता वेळ मोजणारं फंक्शन) वापरा, लूप मोकळा ठेवा आणि मग गरजेपुरता बफर वाढवा.