एक्सआर१८, पी२ आणि एसई२१५: गायकाच्या कानासाठी तारेचा सेट

गणपतीतला रस्त्यावरचा मंडप असो की येळ्ळूर, खानापूरकडच्या यात्रेतलं स्टेज, बेळगाव भागातल्या ऑर्केस्ट्रात गायकाची तक्रार ठरलेली: 'माझाच आवाज मला येत नाही.' साऊंडवाला मॉनिटर (गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवतो, शिट्टी येते, तो परत खाली करतो. मग कुणीतरी कानातल्या मॉनिटरचा विषय काढतो आणि मंडळी थेट वायरलेसच्या किमती विचारायला लागतात.

इथे ज्या सेटबद्दल लिहितोय तो तारेचा आहे. बेहरिंगरचा एक्सआर१८ मिक्सर, त्यांचाच पॉवरप्ले पी२ हा कमरेला अडकवायचा छोटा अँप्लिफायर आणि शुअरचे एसई२१५ इअरफोन. मत आधीच सांगून टाकतो. माईक स्टँडपाशी उभं राहून किंवा बैठकीवर गाणाऱ्यासाठी हा सेट घ्यावा. स्टेजभर नाचत गाणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

एक्सआर१८ला पडदा नाही, फेडर (आवाज वर-खाली करायच्या सरकत्या दांड्या) नाहीत. सगळं टॅबवरून किंवा फोनवरून चालतं. १६ माईक प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारे), १७-१८ ही कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी लाइनची जोडी, आणि आपल्या कामाचे ६ ऑक्स आउट, म्हणजे समोरच्या आवाजापेक्षा वेगळं मिक्स बाहेर देणाऱ्या जोडण्या. या सहावरच सगळं गणित आहे. स्टीरिओ दिलं तर तीनच गायक, मोनो दिलं तर सहा. मुख्य गायक आणि गायिका यांना स्टीरिओ, कोरसच्या दोघांना मोनो, ही वाटणी बहुतेक संचांना पुरते. स्टीरिओसाठी दोन-दोन ऑक्सच्या जोड्या कार्यक्रमाआधी बांधा आणि मगच मिक्स करा. मधेच जोडी बांधली तर केलेली मांडणी विस्कटते.

प्रत्येक चॅनेलचा ऑक्सकडे जाणारा सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच घेतलेला, आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. पोस्ट-फेडर राहिला तर समोरच्या लोकांसाठी आवाज खाली केला की गायकाच्या कानातलाही खाली जातो, आणि त्याला वाटतं माईक बिघडला. प्री-फेडर असला तरी प्रीअँपचा गेन (माईक किती मोठा करायचा ते) दोन्हीकडे सामाईकच राहतो. साऊंड चेक झाल्यावर गेनला हात लावायचा नाही. लावलात तर एका बोटाने सगळ्यांच्या कानातलं मिक्स बदलतं.

मिक्सरमध्ये ६४ स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या तयार नोंदी, साठवता येतात. मराठी भावगीत, लगेच कन्नड भक्तिगीत, त्यावर हिंदी, अशा आपल्याकडच्या कार्यक्रमात ते फार उपयोगी पडतात. पण स्नॅपशॉट लावताना ऑक्सचे सेंड त्यातून वगळा. नाहीतर गाणं बदललं की गायकाने अर्धा तास घालून जुळवलेलं कानातलं मिक्स पुसलं जातं.

मिक्सरच्या पोटातलं वायफाय मात्र सरळ नापास. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि समोर हजारभर मोबाइल आले की टॅबचा संपर्क तुटतो. आवाज चालू राहतो, पण तुमचा ताबा सुटतो. मिक्सरच्या पुढच्या बाजूची कळ इथरनेटवर ठेवा, दोन बँडचा साधा राउटर तारेने जोडा आणि टॅब ५ गिगाहर्ट्झवर चालवा. या खर्चात काटकसर करू नये.

पी२ची छोटी कळ

पी२ दिसायला किरकोळ आहे. दोन ट्रिपल-ए सेल, मागे क्लिप, एक व्हॉल्यूम, एक मोनो-स्टीरिओ कळ. रेडिओ नाही म्हणून खरखर नाही, परवान्याची भानगड नाही, आणि तारेमुळे उशीर शून्य. निम्म्या तक्रारी त्या मोनो-स्टीरिओ कळीमुळे येतात, म्हणून ती नीट समजून घ्या.

मोनोमध्ये पी२ साध्या बॅलन्स्ड माईक वायरीवर चालतो: पिन २ वर सिग्नल, पिन ३ वर त्याचाच उलटा. स्टीरिओमध्ये तो पिन २ डावा कान आणि पिन ३ उजवा कान असं धरतो. आता मोनो वायर लावून कळ चुकून स्टीरिओवर राहिली, तर दोन्ही कानांत एकच आवाज पण एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये येतो, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. गायक म्हणतो, 'आवाज आहे, पण डोक्याच्या बाहेर आहे, पोकळ आहे.' उलट, स्टीरिओ वायर आणि कळ मोनोवर असेल तर डाव्यातून उजवा वजा होतो. मधोमध ठेवलेला गायकाचाच आवाज गडप होतो आणि कडेची वाद्यं तेवढी उरतात. इअरफोन बदलत बसू नका, आधी कळ बघा. ती जागेवर बसली की वर चिकटपट्टी मारा.

स्टीरिओसाठी वाय-केबल स्वतः सोल्डर करता येते. दोन फिमेल एक्सएलआर (माईक वायरीचं तीन पिनांचं टोक) घ्या, एक डाव्या ऑक्सला, एक उजव्याला. डाव्याची पिन २ मेल एक्सएलआरच्या पिन २ वर, उजव्याची पिन २ त्याच्या पिन ३ वर, दोन्हींची पिन १ एकत्र करून पिन १ वर. दोन्ही फिमेलच्या पिन ३ मोकळ्या सोडा, आउटपुटची ती बाजू ग्राउंडला जोडायची गरज नाही. इथून पुढे नेहमीची माईक वायर चालते. पण आता लाइन बॅलन्स्ड राहिलेली नाही, म्हणून ती डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि लाइटच्या वायरींना चिकटून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.

पी२ला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा) नाही, ही त्याची खरी उणीव. थोरला पी१ त्या बाबतीत बरा. पी२ वापरताना लिमिटर मिक्सरमध्येच लावा: ऑक्स बसवर कॉम्प्रेसर (मोठा झालेला आवाज दाबणारा), रेशो १००, अटॅक शून्य, आणि थ्रेशोल्ड (दाबायला सुरुवात होते ती पातळी) एवढा की गायकाने जोरात गायल्यावरच तो हलावा. त्यानंतर पी२चं बटण जिथे आहे तिथे मार्करने खूण करा, कारण बटण पुढे फिरवलं तर लिमिटरचा हिशोब बिघडतो. आणखी एक शिस्त: इअरफोन कानात असताना फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) चालू-बंद करायचा नाही, माईकची वायर काढायची-घालायची नाही. तो 'धप्प' आवाज थेट कानाच्या पडद्यावर येतो.

सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे. रिमोटमधले काढलेले नकोत.

एसई२१५ आणि बसवणं

एसई२१५मध्ये एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, सेन्सिटिव्हिटी १०७ डेसिबल, आणि बाहेरचा आवाज ३७ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते. ३७ हा आकडा टिप नीट बसली तरच. वायर कानावरून मागे घ्या, फोमची टिप बोटांत चिमटून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, टिप आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. घाईत अर्धी बसली तर खर्ज गळतो, मग गायक 'बेस द्या' म्हणतो आणि आपण मिक्स बिघडवून बसतो. स्वस्त चिनी इअरफोनही चांगले मिळतात, पण त्यांतले बरेचसे जास्त सेन्सिटिव्ह असतात आणि पी२ची 'स्स्' त्यांत उघडी पडते.

पावसाळ्यात इथली हवा ओलसर, त्यात स्टेजवरचा घाम. फोम टिप लवकर मरते, तिला खर्चाचा माल समजा. कार्यक्रम संपला की पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. इअरफोनला वायर जिथे अडकते तो एमएमसीएक्स जोड गोल फिरतो आणि काही महिन्यांनी कधी कधी एका कानात आवाज येतो-जातो. जोड वारंवार काढू नका, आणि एक जादा वायर पेटीत ठेवा.

गायकाच्या कानातलं मिक्स

कान बंद केला की स्वतःचा आवाज हाडांतून येतो आणि घुमतो. कार्यक्रमात नवखा गायक इथेच घाबरतो. उपाय दोन. टिप खोल बसवणे, आणि त्याच्या आवाजातून २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल काढणे. मात्र ही काटछाट समोरच्या आवाजाला नको, म्हणून एकच माईक दोन चॅनेलवर घ्या: एक लोकांसाठी, दुसरा फक्त कानांसाठी. कानांच्या चॅनेलवर लो-कट (त्याखालचे खर्ज सूर कापणारा) १०० ते १२० हर्ट्झ, आणि चॅनेलवर कॉम्प्रेसर अजिबात नाही; ऑक्स बसवरचा लिमिटर तेवढा राहू द्या. कॉम्प्रेसर असला तर गायक जोर लावतो, कानात काहीच वाढत नाही, तो आणखी जोर लावतो. तिसऱ्या गाण्यात घसा बसतो.

मग फेज बघा. गायकाला खालच्या पट्टीत 'ऊ' असा सूर धरायला सांगा आणि कानांच्या चॅनेलची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलट करून पाहा. हाडांतून येणारा आणि इअरफोनमधून येणारा आवाज एकमेकांना कधी मारतात, कधी भरतात. ज्या स्थितीत सूर भरदार लागेल तीच ठेवा. मिनिटभराचं काम आहे, पण फारसं कुणी करत नाही.

क्रम असा: पहिला स्वतःचा आवाज, मग सुरासाठी हार्मोनियम किंवा कीबोर्ड, मग ठेक्यासाठी तबल्याचा दायां, ढोलकी किंवा ऑक्टोपॅड. बेस शेवटी आणि थोडाच. स्टीरिओ असेल तर स्वतःचा आवाज मधे, कीबोर्ड एका बाजूला, ठेका दुसऱ्या बाजूला. जागा वेगळी मिळाली की कमी आवाजातही सगळं वेगळं ऐकू येतं. स्वतःचा आवाज गरजेपेक्षा मोठा ठेवू नका. तो मोठा झाला की गायक नकळत दबकून गायला लागतो.

भजन आणि नाट्यगीत गाणाऱ्यांसाठी या सेटची एक मेजवानी आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १७-१८ वर घ्या आणि फक्त ऑक्सला पाठवा, समोर नको. मंडपातल्या गलक्यातही गायकाच्या कानात सुराची जमीन तयार राहते.

थोडा रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा) हवाच, नाहीतर आवाज कोरडा ठाक लागतो. मिक्सरमधला 'प्लेट' प्रकारचा छोटा रिव्हर्ब, सव्वा ते दीड सेकंद, पुरे. पण कानासाठी इफेक्टचा वेगळा स्लॉट घ्या. निवेदक बोलायला आला की साऊंडवाला समोरचा रिव्हर्ब बंद करतो. सामाईक असेल तर गायकाचाही जातो.

टाळ्या, टाळकरी, 'वन्स मोअर' काहीच ऐकू आलं नाही की गायक एका कानातला इअरफोन काढतो. मग उरलेल्या कानात आवाज वाढवून मागतो आणि तिथेच कानाची हानी सुरू होते. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा मानतात, दर ३ डेसिबलला ती निम्मी होते; १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. इअरफोन काढू नये म्हणून स्टेजच्या दोन्ही कडांना लोकांकडे तोंड करून दोन कंडेन्सर माईक लावा, लो-कट २०० हर्ट्झ, आणि ते फक्त ऑक्समध्ये जेमतेम जाणवतील एवढे द्या.

वायरलेस का नाही?

या किमतीच्या टप्प्यात लोक एक्सव्हाइव्ह यू४ या वायरलेस सेटकडे वळतात. एका ट्रान्समीटरवर सहा रिसीव्हरपर्यंत चालतात, ही सोय खरी. पण तो मोनो आहे, बॅटरी पाच तासांची, आणि साऊंड चेकपासून शेवटच्या गाण्यापर्यंत पाच तास सहज होतात. चालतो तोही २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे मोबाइलच्या आणि मिक्सरच्या वायफायच्या गर्दीतच. उशीर पाच मिलिसेकंदांच्या आत असं कंपनी म्हणते. वादकाला तेवढा उशीर कळत नाही. गायकाला कळतो, कारण त्याचा आवाज हाडांतून आधीच पोचलेला असतो. पाच मिलिसेकंदांच्या फरकाने १००, ३००, ५०० हर्ट्झला खड्डे पडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा लागतो. ज्याला फिरायचंच आहे त्याने हे सोसावं, किंवा पैसे साठवून यूएचएफचा अ‍ॅनालॉग स्टीरिओ सेट घ्यावा.

जनरेटरवरच्या कार्यक्रमाला मिक्सर आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा. वीज क्षणभर डगमगली की मिक्सर पुन्हा सुरू होईपर्यंत सगळ्यांचे कान ठप्प, आणि बंद कानाच्या गायकाला तेव्हा स्टेजवरचं काहीच धड ऐकू येत नाही. आणि सगळे फ्लोअर मॉनिटर काढून टाकू नका; एखाद्याचा पी२ किंवा वायर दगा देईल तेव्हासाठी एक मधोमध ठेवा, आवाज बंद करून, पण जोडलेला. एकही ऑक्स शिल्लक नसेल तर त्याला मेन आउटमधून फाटा द्या.